वजन उचललं की उंची खुंटते

दवाखान्यात दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये म्हणे. मग बाकं एवढी चिकटून मांडू नका! हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीतून एक ठेंगणा हमाल आणि त्याची पंधरा वर्षांची मुलगी बाहेर आली. त्याची थोरली बहीण माझ्या शेजारीच वाट बघत बसली होती.

“काय म्हणाले रे?”

“वजन उचलल्यानं उंची खुंटत नाही म्हणे. शिकवणारा नीट हवा आणि झेपेल तेवढंच उचलायचं, बस्स.”

“बघा बाबा! आणि तुम्ही वर्षभर मला व्यायामशाळेत पाऊल टाकू दिलं नाहीत.”

“अगं, तुझ्या वयात मी पोती वाहिली आणि हा असा राहिलो. तुझं तसं होऊ नये म्हणून जीव तुटायचा.”

“मग आत्यानं कुठे पोती वाहिली? ती तर तुमच्याहून बुटकी!”

“ए भवाने, माझ्या उंचीवर जाऊ नकोस.”

“बाबा, डॉक्टर म्हणाले ना, वाढत्या वयात पोटभर मिळालं नाही की वाढ खुंटते.”

“ताई, तू रोज म्हणायचीस, मला भूक नाही, तूच खा.”

“नव्हतीच भूक.”

“रोज?”

“पोती वाहून यायचास. तुझं तोंड बघवायचं नाही. सोड, जुनं काय उकरतोस!”

“पोरी, उद्यापासून जा व्यायामशाळेत. पण पहिलं वजन आत्ता, इथंच उचल. आत्याला.”

“खरंच, बाबा?”

“उचल. मी एवढा तरी वाढलो तो तिच्या ताटातलं खाऊन.”

“अगं ए, सोड! पडेन मी! लोक बघतायत!”

“बघू देत, ताई. बघू देत सगळ्यांना.”