खुर्ची कोणाला दिली?

अजूनही आठवलं की माझं डोकं सणकतं. आमची शोभा आधी सरपंच होती, मग जिल्हा परिषदेत गेली, आता दुसऱ्यांदा आमदार झालीय. नरखेडकडच्या पोरींची कॉलेजातून परतायची संध्याकाळची बस बंद झाली, म्हणून ती नागपुरात एका बड्या अधिकाऱ्याकडे गेली. मीही सोबत होते. ड्रायव्हर आजारी, त्यामुळे गाडी तिच्या नवऱ्याने, वसंतभाऊंनी चालवत आणली.

अधिकारी उठला आणि खुर्ची दिली कोणाला? वसंतभाऊंना! बोलत होती शोभा, आणि हा पाहत होता त्यांच्याकडे.

"बोला साहेब, काय करायचं?"

वसंतभाऊ वैतागले. "मले काहून विचारता? मी त गाडी चालवाले आलो. आमदार ह्या हायेत."

शोभाने टेबलावर हात आपटला. "पोरी अंधारात पायी घरी येऊन राहिल्या, अन् तुम्ही माह्या नवऱ्याचं तोंड पाहून राहिले? उद्यापासून बस पाहिजे!"

तो चरकलाच. फोन लावून त्याने बस सुरू करायला सांगितलं. आम्हाला सोडायला दारापर्यंत आला, आणि वसंतभाऊंचा हात हातात घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, मॅडम फार तापट आहेत हो. जरा समजावून सांगा."