पाच नंबरची खाट

ऐका मायबाप! सांगणाऱ्यानं सांगितलं, वेळेवर सांगितलं, तरी जीव गेला. मग पाप कुणाच्या माथी? चटकन बोलू नका!

एका जिल्ह्याच्या गावी इस्पितळ. तिथं अतिदक्षता विभागात यमुना गावित नावाची सिस्टर, अकरा वर्षं नोकरी केलेली. तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला. रोग्याचा बीपी, नाडी, रक्ताचे रिपोर्ट सगळं वाचायचा आणि आधीच सांगायचा – हा रोगी बिघडतोय, बघा!

पण मंडळी, तो फार ओरडायचा! रोगी खोकला – टुंग! कूस बदलली – टुंग! एक बटण होतं, 'पाहिलं'. दाबलं की गप्प. हे आमचे मृदंगाचार्य – डोळा लागला तरी बोटं चालूच! हसता काय? यमुनाच्या बोटाचं तेच झालं.

पाच नंबरला सुभद्रा चौरे. अंगणवाडीची बाई, आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. सकाळी दहाला कॉम्प्युटरचा पडदा लाल – 'रक्तात जंतू पसरत असावेत. डॉक्टरांना कळवा.' यमुनानं लगेच फोन लावला.

डॉक्टर केळुसकर म्हणाले, "अहो सिस्टर, ते दिवसभर बोंबलतं! दाबा बटण."

दाबलं.

बाराला पुन्हा लाल. दोन नंबरचा रोगी धापा टाकत होता, यमुना तिकडे. येता येता बोट टेकवलं. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही!

दुपारी सुभद्राचा नवरा बन्सी दारात आला. "ताई, ती बरळतेय हो. मला दादा म्हणाली."

"गुंगी असेल. बसा बाहेर."

तीनला पुन्हा टुंग. पुन्हा बोट.

साडेचारला बीपी कोसळला. मग काय धावपळ! औषधं बदलली, नळ्या घातल्या, केळुसकर घामाघूम. दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा गेली.

चौकशी बसली. मोठ्या साहेबांनी कागद पुढं सरकवला – 'यंत्र बिघडलेलं होतं, इशारा मिळाला नाही.' केळुसकरांची सही झालेली!

"करा सही, सिस्टर. यंत्राला काय, पोरंबाळं थोडीच आहेत?"

यमुनानं कागद वाचला. घरी दोन लेकरं. ती म्हणाली, "साहेब, ते तीनदा बोललं. एकदा मी फोन केला. दोनदा न बघता दाबलं." आणि कोऱ्या कागदावर तसंच लिहून दिलं.

बाहेर बन्सीसमोर उभी राहून तेच सांगितलं. तिला वाटलं असेल, माणूस दोन बरे शब्द बोलेल. तो एवढंच म्हणाला, "खरं बोललात. पण ती गेल्यावर."

यमुनाला घरी बसवलं. केळुसकर आहेत तिथंच आहेत! आणि यंत्राचं काय केलं, माहितीय? दुरुस्त? छे! माणसं वाढवली? छे! त्याचा आवाज बंद केला! आता लाल होतं – मुकाट्यानं!

चरफडलात? त्या डॉक्टरला शिव्या घातल्यात मनात? घाला. पण माय म्हणते, छातीत कळ येतेय – तुम्ही मोबाईलमधून मान वर न काढता "हं" म्हणता. लेक म्हणते, सासरी नाही नांदवत – तुम्ही म्हणता "होईल सगळं नीट." हे काय केलंत? ऐकलंत?

आज गजर नाही करायचा. टाळ खाली ठेवा. शेजारी जे माणूस बसलंय ना, तुमच्याच घरचं – त्याला विचारा, तुला काही सांगायचं राहिलंय का. मी थांबतो.