ठसा उमटेना

चोंगदे : काकू, हे आकड्यांचं कुलूप गेलं. बाहेरून चौकोनी बॅटरी टेकवून पाहिली, हूं नाही की चूं नाही. आतल्या बॅटऱ्या पाझरल्यात, सगळं हिरवं पडलंय.

ओकबुन : अरे, आकडे तर दिसतायत की स्वच्छ! जरा पुसून बघ ना.

चोंगदे : छापलेले आकडे दिसणारच. मेलेल्याचेसुद्धा नाक-डोळे दिसतातच की, काकू. मिरान कॉलेजात होती तेव्हा मीच बसवलेलं हे. किती जगायचं त्यानं?

मानशिक : त्या नावाचं इथे काय काम? तू कुलपाचं बघ. बोटाच्या ठशाचं बसव, ते नवीन आलंय ना, तसलं. आकडे-बिकडे नकोत.

चोंगदे : त्याला आकडेही असतात, काका. दोन्ही चालतं.

मानशिक : आकडे बंद ठेव. घरात माणसं दोन. दोघांची बोटं घे, संपलं. बाकी कुणाचं अडलंय?

ओकबुन : माझं अडलंय.

मानशिक : तुझं काय?

ओकबुन : सात वर्षं गप्प बसले, आज बोलते. लेकीला माहीत आहे तो एकच नंबर, तिच्या वाढदिवसाचा. छुसकचा सण जवळ आलाय, सगळ्यांची पोरं घरी येतात. उद्या आली ती, मी असेन कालवं फोडायला, तुम्ही असाल धक्क्यावर. ती कुलपावर हात फिरवणार, नंबर दाबणार, आणि दार उघडणार नाही. काय समजेल ती? बापानं मुद्दाम बदललं. आल्या पावली जाईल, आणि मग जन्मात यायची नाही.

मानशिक : येतेय कशाला! सात वर्षांत आली?

ओकबुन : तुम्ही म्हणालात बिजवराशी लग्न केलंस तर बाप मेला समज. मेलेल्या बापाच्या घरी कोण येतं?

चोंगदे : मी... खाली जाऊन ड्रिल घेऊन येऊ का?

मानशिक : ड्रिल तुझ्या हातात आहे, गाढवा. लाव.

चोंगदे : लावतो, लावतो.

ओकबुन : बघ रे, चोंगदे. तुझ्याच वर्गात होती. तू तरी सांग यांना.

चोंगदे : काकू, मी कुलपं बसवतो. माणसं बसवायला गेलो की मार खातो... हां, बसलं एकदाचं. या काका, अंगठा ठेवा. हलकेच. उचला. परत ठेवा.

मानशिक : हे काय ओरडतंय?

चोंगदे : घेत नाहीये. दुसरं बोट बघू. हेही नाही. डावा हात द्या. काका, तुमच्या बोटांवर रेघच नाही हो! अंड्यासारखी गुळगुळीत झालीत.

मानशिक : चाळीस वर्षं ओले दोर ओढले, आणखी काय राहणार? हिचं घे.

चोंगदे : काकू, हात कोमट पाण्यात बुडवून पुसून या... हं, आता ठेवा. च्च. परत. नाही.

ओकबुन : नाहीच घ्यायचं ते. कालवांच्या कवचांनी खरवडून खाल्लीत बोटं. बँकेतही असंच झालं होतं.

चोंगदे : कमाल आहे! दोन माणसांची वीस बोटं आणि ठसा एक नाही. काका, आता आकड्यांशिवाय गत्यंतर नाही. नाहीतर स्वतःच्याच दाराबाहेर बसाल दोघं.

मानशिक : हसतोस काय, लेका?

चोंगदे : हसत नाही. हां, घ्या, हे बटण दाबून धरा आणि नंबर घाला. मी पाठ फिरवून उभा राहतो, आमच्या धंद्याची रीत आहे ती.

ओकबुन : मी घालते.

मानशिक : तू बाहेर थांब. घर माझ्या नावावर आहे. मी घालतो.

ओकबुन : अहो, पाया पडते तुमच्या, निदान—

मानशिक : बाहेर थांब म्हटलं ना!

(चोंगदे भिंतीकडे तोंड करून उभा. चार वेळा टिक्. कुलपाची धून वाजते.)

मानशिक : आता दार ओढून घे. बाहेरून उघडून बघ.

ओकबुन : कुठला नंबर दाबू?

मानशिक : दाबायचा तो दाब.

ओकबुन : मला दुसरा येतच नाही.

मानशिक : मग तोच दाब. उगाच वाद घालू नकोस.

चोंगदे : वाजलं, काका! उघडलं!

मानशिक : उघडणारच. नवीन आहे. ...आता दारात उभी राहून रडू नकोस, शेजारी बघतील. चोंगदे, स्क्रू काढायचं आहे ना जवळ? आतली ही कडी काढून टाक.

चोंगदे : का हो? कडी मजबूत आहे. रात्री हीच तर खरी, ही लावली की बाहेरून कितीही नंबर दाबा, दार उघडत नाही.

मानशिक : म्हणूनच. म्हणजे... गंजलीय ती.

चोंगदे : काका, चकचकीत आहे हो.

ओकबुन : रोज रात्री लावता ती. आज गंजली?

मानशिक : म्हटलं ना, गंजलीय. काढू दे त्याला, मिरानच्या आई.