पारूच्या लाल बांगड्या

मी शेळगावचा. बाप गुळव्या व्हता, त्याच्या हाताखाली मीबी गुळव्या झालो, साळंत म्हनाल तर अक्षर वळखण्यापुरता गेलो. रस काहिलीत उकळाय लागला की पाक कवा उतरवायचा ते डोळ्यानं कळतं, थेंब पान्यात सोडायचा, गोळी झाली की झाला. एवढंच मला येतं. सैपाक येत न्हाय, ते बायकू गेल्यावर कळलं.

बायकूचं नाव पारू. जिती व्हती तवर नावानं हाक मारली न्हाय, आमच्यात मारत न्हाईत, आता ऐकाय कोन हाय म्हनून घेतो. ती गुऱ्हाळात चुलवानाला चिपाडं घालायची. भारा उचलताना काचंच्या बांगड्या पिचायच्या, सारखं कासाराकडं जावं लागायचं, म्हनून बारामतीच्या बाजारातनं मी दोन लाल पिलास्टिकच्या आनल्या, नवीनच निघाल्या व्हत्या. त्या घट्ट झाल्या. मला म्हनली, अवं, एवढी वर्सं संसार केला आन हाताचं माप ठावं न्हाय व्हय? मग कढत पान्यात बुडवल्या, मऊ झाल्या तशा हातात सारल्या, गार झाल्यावर बसल्या मापात. काचंच्या मधी घालायची, नुसत्या पिलास्टिकच्या घालून सवाष्णीनं हिंडायचं न्हाय.

ती सवाष्णच गेली, तापानं. बायकांनी हिरवा चुडा भरला, ओटी भरली, आन त्या लाल दोन काढून माज्या हातात दिल्या. भावकीतली म्हातारी म्हनली, ह्या जळताना घान येती, न्हाय ठिवायच्या अंगावर. म्या घरी आनून फळीवर ठिवल्या.

लेक सखू लोणी भापकरला दिली हाय. आयचे दिवस झाल्यावर निघताना म्हनली, आबा, आयची एक बांगडी मला द्या. घालाय गेली तर मुठीवर आडकली, पोरीचा हात माज्यावर गेलाय, रुंद. म्हनलं थांब, तुजी आय करायची तशी मोठी करून देतो.

कढत पान्यानं वाईच ढिली झाली, पन पुरंना. आता काय सांगू तुमाला, माजं सारं डोकं गुळाचं. कडक गूळ आच दिली की ढिला पडतो, गार कराय वाफ्यात वतला की पुन्ना गूळच. हेबी तसंच आसनार म्हनलं, आन चिमट्यात धरून इंगळावर न्हेली. मऊ झाली, ओढली, मोठी झाली, आजून जरा म्हनून पुन्ना धरली. तर कडंला पिवळी पडली, मग तांबूस, बारीक फोड आलं, आन वास असा सुटला की सखूनं पदर नाकाला लावला. सवयीनं पान्यात टाकली. आकार धरला, मला वाटलं जमलं. सखूनं हात घातला आन कडाकन तुकडं झालं, बिस्कुटागत. तुकडं तापवून जोडाय बघितलं तर काळं पडलं, जुळंना. गूळ करपला तरी गुळाचा वास ऱ्हातो, ह्यात आदीचं काय उरलंच न्हवतं.

सखू रडली न्हाय. म्हनली, आबा, तुमी काय पाक कराय बसला व्हता का? मी दुसरी बांगडी घ्याय गेलो तर माजा हात धरला. म्हनली, तिला इस्तू दावू नगा. मी न्हेत न्हाय, न्हेली तर मीबी मोठी कराय बघीन. आयच्या मापाची हाय, तशी हितंच ऱ्हाऊ द्या, मी बघाय येत जाईन.

गेली. तिच्या घरचा ऊस तोडीला आलाय, भवानीनगरच्या साखर कारखान्याला गाड्या चालल्यात, तिला कुठली सवड. हितली गुऱ्हाळं कमी झाली, मला बोलावनं येत न्हाय. रोज दोन भाकरी थापतो, एक करपती, एक कच्ची ऱ्हाती, खाताना कोनी नाव ठिवत न्हाय. फळी काढून चुलीपासनं लांबच्या भिंतीला ठोकलीया, बांगडीवरची धूळ पुसतो, तेवढंच काम.

लेकीचा चुडा शाबूत ऱ्हाऊ दे, तिचं घर भरल्यालं ऱ्हाऊ दे. सवड झाली की यील. न्हाय आली तर बांगडी काय कुठं जात न्हाय, आन मीबी न्हाय.