भंडारा उधळला म्हणून

हॅलो?... कोन?... अक्का? अगं बोल की. आवाज असा कामून येतोय तुझा? रडायलीस का?

...नाय, मी घरीच हाय. कंपनीत घेतलंच नाय आज. गेटावरूनच वापस लावलं.

...व्हय. व्हय गं, तो व्हिडिओ माझाच. हिरवं लुगडं, कपाळभर हळद, तुझी सख्खी बहीन सरूबाई. सिल्लोडला बी पोचला का?... दाजींना कुनी दाखवला, बसस्टँडावर?... हसू दे. दात हायेत तोवर हसावं मानसानं.

...अक्का, ऐक ना... अगं मला बोलू देशील का नाय? टीव्हीवाला काय म्हनतो ते मला सांगू नको. तो कंपनीच्या मांडवात व्हता का?

...हां. विजेवरची गाडी. कंपनीची पयलीच. मुंबईहून पैसे लावनारे पाहुने आले व्हते बघायला. साहेबांनी बटन दाबलं, गाडी हललीच नाय. एवढं खरं. आन त्याच्या आधी म्या तिच्यावर भंडारा उधळला, हे बी खरं.

...कामून म्हंजे? पयलं कोकरू झालं की आपन उधळत नाय का? नवी बैलगाडी आली की खंडोबाचं नाव घेत नाय का? अक्का, त्या गाडीला रोज फडकं मारायचं काम माझं. काच, दारं, चाकं... लेकीवानी पुसली तिला. मंग सासरी धाडताना हळद बी लावू नको?

...हळद मशिनीत गेली? असं कोन म्हनतं?... काकासाहेब? ठेकेदार? त्यानं तुला फोन केला?... बघ! मला वाटलंच. सकाळधरून माझ्या मागं लागलाय. म्हने, सरूबाई, मोबाईलसमोर उभं ऱ्हा आन म्हन, माझी चूक झाली, माझ्या भंडाऱ्यानं गाडी बंद पडली. एवढं म्हन आन उद्यापासून कामावर ये. म्हंजे पाहुन्यांना वाटंल, गाडी चांगली, बाईच अडानी.

...एका वाक्यानं काय जातं? अक्का, तू म्हनतीस असं? तू?

...अगं मांडवात ती आलीच ढकलत! व्हय, ढकलत. त्या दिवशी सकाळीच बंद पडली व्हती, पडद्यामागं. भिकनला इचार, तुझ्याच पोराला. एका अंगानं तो, एका अंगानं मी, अजून दोघं-चौघं. साहेब म्हनायचे, हळू, हळू, पाहुन्यांना दिसू नका. भंडारा तवा माझ्या कमरंच्या पिशवीतच व्हता. मंग बंद गाडी अजून बंद कशी पडती? सांग मला.

...भ्या वाटलं म्हनूनच तर उधळला. म्हनलं, मल्हारी, आता तूच बघ बाबा... नाय बघितलं त्यानं. त्याला बी दुसरी कामं असतील.

...हां, आन दाजींना सांग, दर दसऱ्याला फटफटीला झेंडूचा हार घालता ना? लासूर स्टेशनच्या रस्त्याला ती बंद पडली, तवा झेंडूला शिव्या दिल्या का? मंग माझ्या भंडाऱ्यालाच कामून?

...कंपनी बुडंल, पैसेवाले पळून जातील. मला कळत नाय का ते? आधी लोक म्हनले, नुसता बोर्ड लागंल. बोर्ड लागला. मंग त्याच्यावर शहराचं नाव जुनं का नवं, ह्याच्यावरून भांडले, ते बी मिटलं. मंग म्हनले, नुसत्या भिंती बांधतील. भिंतीतून गाडी निघाली. आज हलली नाय, उद्या हलंल. पयलारू म्हैस पयल्या दिवशी धड दूध देती का? म्हनून लगेच बाजार दाखवतो का आपन तिला?

...भिकनची नोकरी. व्हय. म्याच लावली ना त्याला? दोन लेकरांचा बाप, माझ्या घरात ऱ्हातो, माझ्या हातचं खातो. त्याची नोकरी जाईल म्हनून मला झोप लागती व्हय?... रडू नको, अक्का. रडू नको म्हनते ना.

...म्हनू दे गावाला. ज्या माळावर कंपनी हाय, तिथं आपली मेंढरं चरायची. माळ गेला, मेंढरं इकली, पोरं गेटाच्या आत घातली, मी बी गेले फडकं घेऊन. आता चूक बी आमचीच? नाय. बिलकुल नाय.

...आपल्या बापाचं, आबाचं नाव तू काढलंस, म्या नाय काढलं. आता ऐक. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीच्या वक्ताला मी झोळीत व्हते, तू शानी व्हतीस. तूच सांगितलंस ना मला? कडब्याची गंजी जळाली, गाव आबाला म्हनलं, मुंजाबा, तू मेंढरं घेऊन तिथंच व्हतास. नुसतं म्हन की बौद्धवाड्यातल्या पोरांनी पेटवली. एकच वाक्य व्हतं, अक्का. आबा काय म्हनला?... बोल की.

...व्हय. जे बघितलं नाय ते कसं म्हनू, म्हनला. आन मंग कुनी आपली मेंढरं वावरात बसू दिली नाय. खत पायजे, पर मुंजाबाच्या मेंढरांचं नको. मेंढरं बसवल्याचा जोंधळा मिळायचा तो बंद झाला, म्हनून तुला मामाकडं धाडलं. तवा शिव्या दिल्यास का आबाला?

...हे वेगळं कसं? तवा दुसऱ्याचं नाव घ्यायचं व्हतं, आता माझं. माझं नाव रस्त्यावर पडलंय व्हय?

...थांब. थांब जरा, दारात कोन तरी आलं... काकासाहेबच हाय. ठेवू नको तू. ऐक तू बी... या काकासाहेब, बसा. अक्काच हाय फोनवर, तुमच्याच मेहेरबानीनं... व्हय, करा मोबाईल चालू. करा म्हनते ना. पदर नीट हाय माझा.

मी सरूबाई. कंपनीत गाड्या पुसते. ती गाडी आम्ही मांडवात ढकलत आनली, ती आधीच बंद व्हती. भंडारा म्या नंतर उधळला. गाडी वाईट नाय, तुमची घाई वाईट. तिची खोट शोधा, ती चालंल. आन पाहुन्यांनो, तुम्ही पुन्हा या, मी पुन्हा उधळ...

...बंद कामून केला, काकासाहेब? माझं पुरं नाय झालं... बरं, चहा तरी घ्या... अहो...

...गेला गं. चहा बी नाय घेतला.

...व्हय, व्हिडिओ पुसूनच टाकंल तो. देवाला हात जोडू नको एवढ्यात, अक्का. भिकन उंबऱ्यातच हाय. मगाधरून सगळं ऐकायलाय... नाय गं, म्या काय बी नाय सांगितलं त्याला. त्यानं सोताच काढलाय फोन. म्हनतो, मावशी, उजेडाला उभी ऱ्हा.

...त्याला देऊ? नाय देत.

...अक्का... अक्का, तुझंच पोरगं हाय गं ते.

...ठेवते आता. आन हे बघ, त्याला लगेच फोन लावू नको. मधी फोन आला का रेकॉर्डिंग तुटतं.