खाऱ्या मातीवरचे गवे

(पौष महिना, १९६२. मेळघाटातल्या एका दरीच्या काठावरचा खडक. जंगल खात्याचा तरुण नाकेदार सहदेव आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला म्हातारा गवळी बुधाजी.)

सहदेव : ...नाही, ऊन अजून तळाशी पोचलेलं नाही. अगोदर समोरच्या कड्यावर एक बारीक रेघ उमटली, तांब्याच्या तारेएवढी, आणि पुष्कळ वेळ ती तिथंच थांबून राहिली. खाली उतरावं की नाही, याचा तिचा विचार ठरत नसावा. मग ती सैल झाली. आता ऊन सागाच्या शेंड्यांवर आहे. या दिवसांत सागाची पानं जाळीदार होतात, त्यांतून ते पिठासारखं गाळून खाली येतं. बांबूच्या बेटात धुकं अजून निजलेलं आहे. त्याच्या कडेचं गवत ओलं आहे, आणि त्यावरचा उजेड पांढराही नाही, सोनेरीही नाही. ताक घुसळताना रवीला पहिलं लोणी लागतं ना, तो रंग. हां, आता नाल्याच्या वाळूवर एक कवडसा पडला. नुसता पडून आहे. त्याला कसलीही घाई नाही.

बुधाजी : लय उजेड झाला, नाकेदार. पोट भरलं. आता जनावर सांगा. खाऱ्या मातीवर कोन हाये?

सहदेव : धुकं आहे, बुधाजीबाबा.

बुधाजी : धुकं तं बांबूत हाये म्हनता. खारी माती नाल्याच्या अल्याड हाये. माहे डोये गेले, दरी नाई गेली डोक्यातून.

सहदेव : अजून कोणी आलेलं नाही.

बुधाजी : पौषात सूर्य कड्यावर आला का गवे माती चाटाले येतेच. माह्या बापाच्या वख्तापासून पाहून राहिलो. अठरा जनावरं. काया मोठा सांड मांगं राहते, एक शिंग मोडलेलं त्याचं. तो बी नाई?

सहदेव : कदाचित वरच्या खिंडीतून पलीकडे गेले असतील. तिकडे कोवळा बांबू आहे.

बुधाजी : आन दुपारी सायेब येईन तवा? त्याले काय खिंड दाखवता?

सहदेव : साहेबांना मी सविस्तर लिहिलेलं आहे. 'या दरीत गवे आणि गवळ्यांच्या म्हशी एकाच पाण्यावर येतात, एकमेकांना उपद्रव देत नाहीत. सबब त्यांची ही वस्ती, म्हणजे ढाणा, उठवण्याचं कारण दिसत नाही.' सगळ्या दऱ्या गुरांना बंद करायच्या ठरल्या आहेत, बाबा. एवढी एक दरी माझ्या त्या अर्जावर थांबली आहे. साहेब म्हणाले, गवे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे, मग तुमचा ढाणा राहील.

बुधाजी : म्हनूनच इचारून राहिलो, बापू. सहा घरं हायेत आमची. खवा परतवाड्याले जाते तवा चूल पेटते. थांबा, पायाचा आवाज येऊन राहिला. जमुना हाये का? सून माही, पायाले भिंगरी हाये तिच्या. नाल्यावर पाठवली होती.

जमुना : मीच हावो, मामाजी. घागर नाई भरली.

बुधाजी : काहून?

जमुना : यायनं सांगतलं नाई तुमाले?

सहदेव : जमुनाबाई, आम्ही जरा—

जमुना : मी खालून आयकून राहिली. लोनी म्हने, पीठ म्हने. आन कड्यावर तीस-चाळीस गिधाडं बसले, ते नाई दिसले तुमाले? तुमचे डोये तं चांगले हायेत ना, भाऊ?

सहदेव : दिसले.

बुधाजी : गिधाडं? किती दिवसांपासून, नाकेदार?

सहदेव : परवापासून. एखादं सांबर पडलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

जमुना : सांबर नाई. डोहात दोन गवे हायेत, अर्धे पान्यात. वासानं उभं राहवत नाई. खाऱ्या मातीवर सहा. एका गाईच्या पोटापाशी पिल्लू, तिच्याच थानाले तोंड लावून. बाकी बांबूत किती हायेत मी नाई गेली पाहाले. तो मोडक्या शिंगाचा बी हाये, मामाजी.

बुधाजी : तोंड पाह्यलं का तू त्यायचं?

जमुना : पाह्यलं. जिभीवर फोड, डोयाखाली चिकट धार. मांगून सारं रक्तानं भरलेलं.

सहदेव : विषबाधाही असू शकते. पाण्यात कोणी मासे मारण्यासाठी काही टाकलं असेल. पाहणी झाल्याखेरीज आपल्याला निष्कर्ष काढता येणार नाही.

जमुना : निष्कर्ष! मामाजी, याले सांगा, नाईतं मी सांगतो.

बुधाजी : मी सांगतो. बस तू खाली. नाकेदार, हे बुळकांडी हाये, ढोरायची साथ. आन हे आमच्या गोठ्यातून गेली.

सहदेव : कशी जाईल? पोळ्यानंतर लस टोचली होती. डॉक्टर स्वतः आले होते. कागद माझ्याजवळ आहे.

बुधाजी : साऱ्याइले नाई टोचली. सुई टोचली का अंगात ताप भरते, दूध आटते. चार म्हशी ताज्या व्यालेल्या होत्या. खव्याचं सारं दूध त्यायचंच. मी म्हनलं, बाकीच्याइले टोचू दे, चार ठेवू बाजूले. पहाटेच नाल्याच्या वरच्या आंगाले नेऊन बांधल्या, घंट्यात पाला कोंबला.

जमुना : पाला मी कोंबला. मामाजी एकटे नाई.

बुधाजी : तू गप. पंधरा दिवसांमांगं त्या चारातल्या चंद्रीची वगार, पारडी तिची, आजारी पडली. तिले बी सुई नव्हती. रवंथ बंद, डोये गयायले लागले. मंग आमच्यात जे करतेत ते केलं. रोग गावाबाहेर घालवाचा असला का आजारी जनावराले हळद-कुंकू लावाचं, नारळ फोडाचा, आन शिवेपार नेऊन सोडाचं. मांगं पाहाचं नाई. रोग तिच्यासंग जाते.

सहदेव : शिवेपार म्हणजे कुठे?

बुधाजी : माहा बाप खिंडीपल्याड नेत जाय, सात कोस. तिकडं नुसता खडक. औंदा पोरगं परतवाड्याले होतं, आन मले खिंडीचा चढ दिसत नाई. मी खाऱ्या मातीपर्यंत गेलो. तिथून पुढं आपली शीव नाई, म्हनून दोर सोडला.

जमुना : तिनं तिथंच माती चाटली असन. अन् मंग गव्यायनं.

बुधाजी : मले वाटलं, रोग जाईन. तो गेला बी, बापू. माह्या एका म्हशीले काई झालं नाई.

सहदेव : हे सगळं तुम्ही मला आज सांगता आहात.

बुधाजी : तुमाले काय तोंड दाखवू? तुमी त्या गव्यायची नावं ठेवली होती. रोज सांजेले येऊन सांगत, आज कोन पुढं होतं, कोन मांगं.

सहदेव : अजून काही उरले असतील. अठरांपैकी सगळेच कसे जातील? खिंडीकडे दोन-चार निघून गेले असतील. साहेबांना तिकडे नेता येईल. खुणा दाखवता येतील.

जमुना : जुन्या शेणाच्या खुणा? सायेबाले नाक नाई का, भाऊ?

सहदेव : मग मी काय करू? तुम्हीच सांगा. ढाणा उठला तर कुठे जाल तुम्ही?

जमुना : खाली जाऊ. अंजनगावच्या वावरात पऱ्हाटी उभी हाये कोसभर. म्हैस एक पाय घालन तं काठी घेऊन धावतेत. म्हशी इकू, मंग कापूस वेचाले जाऊ. दुसरं काय हाये?

बुधाजी : ते होईन ते होईन. ढाना तं गेलाच, बापू, त्याचं काई करू नका. पन सायेब तुमाले इचारन, तुह्या हद्दीत रोग आला कसा? तुमची नोकरी राहू द्या. कागद काढा. मी लिहून देतो.

सहदेव : काय लिहून देता?

बुधाजी : का म्हशी गवळ्यानं लपवल्या. नाकेदाराले मालूम नव्हतं. खरंच तं हाये. तुमी त्या दिवशी डाक्तरापाशी उभे होते, तुमाले कसं कयन?

जमुना : लिहा, भाऊ. तुमची माय दुर्गाबाई मांगच्या बाजारात भेटली माह्या मान्साले. साऱ्या बाजारात सांगत होती, आमच्या वस्तीत पयली खाकी माह्या पोराच्या अंगावर आली. लिहा.

सहदेव : बाबा, तुमच्यावर खटला होईल.

बुधाजी : आंधळ्या मान्साले जेल काय अन् गोठा काय. लिहा, सूर्य वर आला.

सहदेव : बरं. 'मी बुधाजी, जात गवळी, राहणार वरचा ढाणा, स्वखुशीने लिहून देतो की, लस टोचण्याच्या दिवशी ताज्या व्यालेल्या चार म्हशी मी नाल्यात दडवून ठेवल्या. पुढे त्यांतील एकीच्या वगारीस रोग झाल्यावर तिला मी खाऱ्या मातीवर सोडले. त्यामुळे गव्यांचा कळप मेला.'

बुधाजी : 'मेला' लिहिलं ना? बरं केलं. पुढं.

सहदेव : 'म्हशी दडवल्याची गोष्ट मी नाकेदारांपासून लपवली. त्यांना तिची कल्पना नव्हती.'

बुधाजी : झालं. शाई लावा. अंगठा कुठं?

जमुना : इकडं, मामाजी. आना हात. भाऊ, कागद सोडा की. काहून धरून ठेवला?

सहदेव : शेवटचं वाक्य खोडतो.

जमुना : येडे झाले का?

बुधाजी : काय झालं, नाकेदार?

सहदेव : चंद्री, भुरी, मैना आणि मोरी. त्या दिवशी या चौघी रांगेत नव्हत्या. 'एवढीच का गुरं?' असं डॉक्टरांनी मला विचारलं होतं, बुधाजीबाबा. मी हो म्हणालो.