समोरच्या दुकानदाराची सोनोग्राफी

सांग, माणसाने विश्वास ठेवावा कोणावर? मुरबाडला माझ्या दुकानासमोर गणूशेठचं दुकान. त्याचा पोरगा डॉक्टर झाला, तेव्हापासून माझा नुसता जळफळाट. एकदा मी तांदळाच्या थप्पीवरून पडलो, श्वास अडकला, आणि नेमका तोच पोरगा धावत आला. "दुसरा डॉक्टर बघा," मी धापा टाकत म्हटलं. त्याने दुकानातल्या खाटेवरच बॅगेतलं छोटं सोनोग्राफीचं यंत्र माझ्या छातीला लावलं.

"काका, श्वासाबरोबर डावं फुप्फुस सरकतंय, उजवं नाय. बाजूला हवा कोंडून बसलंय ते. कल्याणच्या इस्पितळापर्यंत थांबता येणार नाय."

त्याने छातीत नळी घातली, कोंडलेली हवा सुटली, मला श्वास आला. डोळे उघडले, तर समोर गणूशेठ!

"काय शेठ, सोनोग्राफी केलीत म्हणे. कितवा महिना?"

अजून जळतो रे मी. पण तू गावात सांगशील, तेव्हा हिशेब खरा ठेव. जीव पोराने वाचवला, तो बापाच्या नावावर मांडू नकोस.